विमानं आणि विज्ञान केंद्रं बघायला रेल्वे-मेट्रोनं निघताय? या चुका टाळा

सोमवार, सकाळचे साडेदहा, दिल्लीतलं एक मोठं लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. माझ्यासोबत अकरा वर्षांची भाची, हातात चित्रांची वही, वहीच्या पहिल्या पानावर स्केचपेननं काढलेलं लढाऊ विमान. फाटकाशी उभा असलेला शिपाई चहाचा घोट घेत म्हणाला, "आज तो बंद है मॅडम, परसों आइए." परसों आम्ही नागपुरात असणार होतो. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं होतं.

चूक कोणाची, तर शंभर टक्के माझी. गाडीचं तिकीट दोन महिने आधी काढलं होतं आणि हवाई दलाचं ते संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं हे बघितलं होतं शून्य वेळा.

नागपूरकरांच्या हातून ही चूक जरा जास्तच होते, असं मला वाटतं. आपलं गाव देशाच्या मधोमध, दिल्ली-मुंबई-चेन्नई-हावडा कुठेही जा, गाडी आहेच. त्यामुळे आपण आधी गाडी धरतो आणि बाकीचं पुढे बघू म्हणतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे वार चुकला, तर तो दोन महिने आधीच चुकलेला असतो.

वार आधी, तिकीट नंतर

दिल्लीतलं पालमचं हवाई दलाचं संग्रहालय सोमवार आणि मंगळवार असे दोन दिवस बंद असतं. शनिवारी रात्री इथून निघायचं, रविवार नातेवाइकांकडे आणि सोमवारी विमानं, हा आपल्या सुट्ट्यांचा ठरलेला साचा तिथे हमखास फसतो. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवार-रविवार दोन्ही हाताशी राहतात. चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय आणि तीन मूर्तीचं नेहरू तारांगण हेही सोमवारी बंद.

पण सोमवारी अडकलातच, तर खोलीवर बसून राहू नका. भैरों मार्गावरचं राष्ट्रीय विज्ञान केंद्र सोमवारी उघडं असतं. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या बहुतेक केंद्रांचा रिवाज असाच आहे: सोमवारची सुट्टी नाही, होळी-दिवाळीला मात्र दार बंद. आपलं रमण विज्ञान केंद्रही याच परिषदेचं. बेंगळुरूचं विश्वेश्वरय्या संग्रहालय दिवाळीसोबत गणेश चतुर्थीलाही बंद असतं, आणि गणपतीच्या सुट्टीत दक्षिणेकडे निघणारी मराठी कुटुंबं काही कमी नाहीत.

नागपुरात उलटी गंमत होते. पाहुणे सोमवारी आले की त्यांना घेऊन लोक अजब बंगल्याकडे, म्हणजे गावातल्या जुन्या संग्रहालयाकडे निघतात, आणि सोमवारी अजब बंगला बंद. तेव्हा सरळ रमणला न्या.

नाव वाचून उतरू नका

पालम हे एका जागेचं नाव नाही. पालम गाव आहे, पालम रेल्वे स्टेशन आहे, पालम मेट्रो स्टेशन आहे, हवाई दलाचा तळ आहे, जुने लोक तर दिल्लीच्या अख्ख्या विमानतळालाच पालम म्हणतात. आणि पालम विहार? ते तर हरियाणात, गुरुग्राममध्ये. फोनमध्ये नुसतं 'पालम' टाकून निघालात की यांतलं कुठलंही एक पदरात पडू शकतं. संग्रहालयाचं पूर्ण नाव टाका आणि प्रवेशद्वार कोणत्या रस्त्यावर आहे ते बघा. नकाशावरचा ठिपका पुष्कळदा इमारतीच्या मधोमध असतो आणि तिथून दिसते फक्त तारेची भिंत.

स्टेशनांची नावंही बदलतात. राष्ट्रीय विज्ञान केंद्रासाठी 'प्रगती मैदान'ला उतरा, असं जुन्या माहितीत लिहिलेलं असतं. ते नाव आता मेट्रोच्या नकाशावर सापडायचं नाही, त्या स्टेशनाला आता 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात.

मुंबईची गोष्ट वेगळी. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात मारुत हे आपलं जुनं लढाऊ विमान ठेवलंय, आणि आपली मंडळी विदर्भ एक्स्प्रेसनं थेट सीएसएमटीपर्यंत जाऊन मग टॅक्सी शोधतात. त्यापेक्षा दादरला उतरा, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेवर या आणि चर्चगेटकडची धीमी लोकल पकडून महालक्ष्मीला उतरा. धीमीच पकडा बरं का. जलद गाडी महालक्ष्मीला न थांबता तुम्हाला मुंबई सेंट्रल दाखवून आणते.

आणि आपलं स्वतःचं स्टेशन! नागपूर रेल्वे स्टेशनला दोन बाजू आहेत. बाहेरगावचा माणूस मुख्य बाजूनं बाहेर पडतो आणि मेट्रो शोधत ऑटोवाल्यांच्या गराड्यात सापडतो. मेट्रोचं स्टेशन मागे आहे, संत्रा मार्केटच्या बाजूला. तिथून ॲक्वा लाइनवर एकच स्टेशन पुढे कॉटन मार्केट, आणि तिथून चालत गांधीसागराकडे निघालं की दहा-पंधरा मिनिटांत रमण विज्ञान केंद्र. ऑटोवाल्याला 'रमण विज्ञान केंद्र' म्हटलं तर तो क्षणभर तुमच्याकडे बघतो. 'रमण सायन्स' म्हणा, नाहीतर 'शुक्रवारी तलाव' म्हणा, लगेच मीटर पाडतो. (मीटर हा शब्द इथे सवयीनं आला. भाडं आधी ठरवून घ्या.)

पाठीवरची पिशवी

सकाळी गाडीतून उतरायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्री परतीची गाडी, असा बेत असला तर सामान क्लोकरूममध्ये ठेवावं लागतं. बऱ्याच संग्रहालयांत, विशेषतः लष्करी आवारात, मोठी बॅग आत नेता येत नाही.

रेल्वेच्या क्लोकरूममध्ये बिनकुलपाचं सामान घेत नाहीत, हे मला एका मोठ्या स्टेशनवर रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर कळलं. माझी पाठीवरची सॅक, तिला दोन चेन, कुलूप कुठलं? खिडकीतल्या बाबूनं नुसती बॅग मागे सरकवली, बोललासुद्धा नाही. फलाटावरच्या साखळ्या-कुलपं विकणाऱ्या पोऱ्याकडून बोटाएवढं पितळी कुलूप घेतलं, दोन्ही चेनच्या टोकांची भोकं एकत्र आणून त्यात ओवलं आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिले. ते कुलूप आता कायम सॅकच्या पुढच्या कप्प्यात असतं. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्रही त्याच कप्प्यात ठेवा. क्लोकरूमला तिकीट लागतं, आणि लष्करी जागी ओळखपत्र.

तारांगण शेवटी ठेवणं

रमणमध्ये लोक आधी आरसे, पेंडुलम, विजेचे खेळ बघत बसतात आणि "तारांगण शेवटी निवांत बघू" म्हणतात. मग खिडकीवर कळतं की मराठी खेळ होऊन गेला, आता आहे तो इंग्रजी. मुलं लहान असतील तर भाषेनं खूप फरक पडतो. म्हणून आत शिरल्या शिरल्या पहिलं काम म्हणजे तारांगणाच्या खेळांच्या वेळा आणि भाषा बघून तिकीट काढणं. बाकी सगळं त्या वेळेभोवती बसवा. घुमटात एकदा अंधार झाला की उशिरा येणाऱ्याला सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. अंधाराला डोळे सरावायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, दार एकदा उघडलं की सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्या पाढ्यावर.

उन्हाचं काय सांगायचं, नागपूरकरांना? मे महिन्यात बाहेरचं विज्ञान उद्यान सकाळी, आतली दालनं दुपारी. उघड्यावरच्या विमानाच्या पत्र्याला दुपारी हात लावू नका, इतकंच.

सगळंच बघायचा हट्ट

ही चूक मला सगळ्यांत महागात पडली, कारण ती करताना आपण चूक करतोय असं वाटतच नाही. पालमला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वार बरोबर होता, गुरुवार. आणि मी एका टोकापासून पाट्या वाचत निघाले. तासाभरात भाचीचे डोळे दगड झाले. तेव्हापासून मी चार विमानं निवडते आणि त्यांच्यापाशीच रेंगाळते.

पहिलं वापिटी. 1933 साली कराचीत भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं ते चार वापिटींवर. दोन मजली पंख, मध्ये काठ्या आणि तारा. बाजूच्या जेट विमानाकडून मान वळवून याच्याकडे बघितलं की मधली वर्षं डोळ्यांसमोर येतात.

दुसरं लिबरेटर. साडेतेहतीस मीटर पंखांचं अमेरिकन बॉम्बर. दुसरं महायुद्ध संपल्यावर ही विमानं कानपूरला भंगारात सोडून दिलेली होती. एचएएल या आपल्या विमान कारखान्याच्या माणसांनी त्यांतली चाळीसेक पुन्हा उडती केली आणि हवाई दलानं ती 1968 पर्यंत वापरली. जुन्या पत्र्याच्या कपाटाला नवे कब्जे लावून वीस वर्षं वापरणाऱ्या आपल्या घरांना हे कौतुक वेगळं समजवावं लागत नाही.

तिसरं मारुत. 1961 साली पहिल्यांदा उडालेलं, कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली बेंगळुरूला घडलेलं, भारतातच आखलेलं आणि बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान.

आणि चौथं नॅट. 1965 च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं म्हणून त्याचं नाव झालं. पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर. भाची त्याच्याजवळ जाऊन गप्प उभी राहिली, मग म्हणाली, "मावशी, हे तर आपल्या अंगणात मावते ना!" वहीतलं तिचं विमान दुप्पट मोठं होतं. तिथेच बसून तिनं ते पुन्हा काढलं, शेजारी मापाला एक माणूस उभा करून. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी आणखी दहा पाट्या वाचल्या असत्या आणि एकही लक्षात राहिली नसती.

आपल्या गावात काही नाही, हा समज

पालमसारखं विमानांचं संग्रहालय नागपुरात नाही, हे खरं. त्यामुळे काही लोक पोरांना घेऊन वायुसेनानगरच्या फाटकावर जाऊन उभे राहतात. तिथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, हिंडाफिरायची जागा नव्हे. परवानगीशिवाय सोडत नाहीत, आणि फाटकाचे फोटो तर काढूच नका. मेट्रोच्या 'एअरपोर्ट' स्टेशनला उतरून विमानं दिसतील हाही एक समज. स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनल आत.

पण सोनेगावच्या याच धावपट्टीची गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून निघालेली चार विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जायची. अख्ख्या देशाची पत्रं रात्री आपल्या गावात चढउतार करत होती, बाप्पा! आणि त्याच विमानतळावर 1991 पासून 2015 पर्यंत एक बेवारस बोइंग 720 उभं होतं. चोवीस वर्षं. मुंबईच्या गाडीत बसलेले लोक जसे आपल्या खिडकीतून संत्र्याचे बगिचे बघतात, तसे विमानात बसलेले लोक ते बघायचे.

मेट्रोवर एक दिवस असा काढता येतो. सकाळी ऑरेंज लाइननं कडबी चौक. तिथे मोतीबागेचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. 762 मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची वाफेची इंजिनं इथे हाताच्या अंतरावर बघता येतात. छिंदवाड्याची छोटी गाडी 2015 मध्ये थांबली, नागभीडची 2019 मध्ये. तिच्यातून मामाच्या गावी गेलेली माणसं अजून घराघरांत आहेत, एखादी आजी सोबत न्या. परत बर्डीकडे येताना गड्डीगोदामला खिडकीतून खाली बघा: सर्वांत खाली रस्ता, वर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर तुम्ही. झिरो माइलला उतरून 1907 चा सर्वेक्षणाचा दगड बघा. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, आणि पुष्कळ नागपूरकरांनी फक्त शेजारचे घोडेच पाहिलेले असतात. मग सीताबर्डीला ॲक्वा लाइन, कॉटन मार्केट आणि तिथून रमण. हा क्रम सोमवारी करू नका. नॅरोगेज संग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

आणि आदल्या दिवशी फोन करा. संकेतस्थळावरच्या वेळा जुन्या असू शकतात. तीनच गोष्टी विचारायच्या: उद्या उघडं आहे का, शेवटचा प्रवेश किती वाजता, मराठी खेळ कधी. आमच्याकडे आता हा फोन भाचीच करते. मागच्या वेळी पलीकडच्या बाईंनी विचारलं, "किती जण येऊन राहिले?" ती म्हणाली, "दोघीच. पण मावशीला वार लक्षात राहत नाही, म्हणून विचारून राहिले."