हाडातला जंतुसंसर्ग आणि बोन स्कॅन: या चुका टाळा

मधुमेही शेतकऱ्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला, जखम चिघळली, आठवड्याने एक्स-रे काढला तर तो नॉर्मल. 'हाड ठीक आहे' म्हणून मलमपट्टीवर भागवणं इथेच चुकतं. हाडातली 30 ते 50 टक्के खनिजं गेल्याशिवाय एक्स-रेवर फरक दिसत नाही आणि त्याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. बोन स्कॅनमध्ये (किरणोत्सर्गी औषध टोचून काढलेले हाडांचे फोटो) बदल दोन-तीन दिवसांतही दिसू शकतो.

चिठ्ठीवर नुसतं 'बोन स्कॅन' लिहू नका, 'थ्री-फेज' (तीन टप्प्यांचा) लिहा. टेक्नेशियम-एमडीपीचं (हाडात जमणारं किरणोत्सर्गी औषध) इंजेक्शन पेशंट कॅमेऱ्याखाली झोपल्यावरच द्यायचं: पहिल्या मिनिटात रक्तप्रवाह, दहा मिनिटांच्या आत ब्लड पूल (त्या भागात साठलेलं रक्त) आणि 2 ते 4 तासांनी हाडांचे फोटो. इंजेक्शन बाहेरच्या खोलीत दिलं की पहिले दोन टप्पे हुकले. फक्त कातडी-मांसाला सूज असेल तर हेच दोन टप्पे ठळक दिसतात, शेवटच्या फोटोत हाड जवळपास नॉर्मल असतं. हाडात संसर्ग असेल तर तिन्ही टप्पे ठळक. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर 24 तासांनीही फोटो लागू शकतो. हिंगोली-किनवटहून संभाजीनगरला आलेल्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते संध्याकाळची एसटी गाठतात.

मधल्या वेळेत भरपूर पाणी प्यायचं (किडनी-हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून) आणि फोटोआधी लघवी करून यायचं. औषध लघवीतून बाहेर पडतं, त्यामुळे पायाच्या पट्टीवर लघवीचे शिंतोडे उडाले तर फोटोत संसर्गासारखाच डाग उमटतो. पट्टी बदला, कातडी पुसा, पुन्हा फोटो घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ठळक डाग दिसला की 'पू झाला' असं ठरवणं. ताजं फ्रॅक्चर, रॉड-प्लेटचं ऑपरेशन, मधुमेहातला शार्को पाय (नसा बधिर झाल्याने हाडं-सांधे झिजून मोडणं), सगळेच असे चमकतात. म्हणून चिठ्ठीवर ऑपरेशनची तारीख आणि चालू अँटिबायोटिक लिहाच. शंका राहिली तर पांढऱ्या पेशींचा स्कॅन: 40-50 मिली रक्त काढून पेशींना किरणोत्सर्गी खूण लावतात, परत सोडतात, 4 आणि 24 तासांनी फोटो घेतात. सांधा बदललेला असेल तर सोबत सल्फर कोलॉइडचा (हाडाच्या मज्जेत जमणारं किरणोत्सर्गी औषध) मज्जा-स्कॅनही हवा. एखाद्या जागी पांढऱ्या पेशी जमल्या पण कोलॉइड नाही, तर संसर्गाची शक्यता जास्त.

मणक्यासाठी मात्र पांढऱ्या पेशींचा स्कॅन मागवू नका. संसर्ग असूनही तिथे बऱ्याचदा फिकाच भाग दिसतो. आधी एमआरआय, तो जमत नसेल तर एफडीजी पेट-सीटी (किरणोत्सर्गी साखर टोचून केलेला स्कॅन).