मराठवाड्यातल्या हातकामाने घर सजवताय? मग या चुका टाळा

नवरात्र संपलं की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, दिवाळीला पाहुणे येणारेत, हॉलमध्ये आपल्या मातीतलं काहीतरी करायचंय. कारागीर सांगा ना कुणीतरी." आपल्या मातीतलं, आणि तेही पंधरा दिवसांत! छत्रपती संभाजीनगरात मी घरं सजवून देते, त्यामुळे विणकर, कुंभार, गोधडीवाल्या मावश्या असे बरेच नंबर माझ्याकडे आहेत. पण हल्ली मी ते लगेच देत नाही. आधी चार प्रश्न विचारते. कारण चुका ठरलेल्या असतात आणि शेवटी बोल लागतो तो कारागिराला.

पैठणीची परीक्षा हिमरूला लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. रील पाहून सगळ्यांना एक गोष्ट पाठ झालीय: कापड उलटं करा, मागे धागे दिसले की माल खोटा. पैठणीच्या पदरापुरतं हे खरं आहे. हातमागावर नक्षीचा रंग जिथे बदलतो तिथे आडवे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवतात, म्हणून पदराचा मोर उलट्या बाजूनेही मोरच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे मोकळ्या धाग्यांची जाळी असते.

हिमरूचं, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या जुन्या हातमागाच्या कापडाचं, सगळं वेगळं. उभा धागा सुती, आडवा रेशमी, आणि नक्षीसाठी जादा आडवा धागा. नक्षी नसेल तिथे हा जादा धागा मागच्या बाजूने मोकळा जातो. हात फिरवला तर मागून मऊ, सैल थर लागतो. हिमरूच्या शालीला ऊब येते ती याच थरामुळे. म्हणजे मागे धागे आहेत म्हणून हिमरू खोटा ठरत नाही, उलट हातमागाचा हिमरू असाच असतो.

एका जोडप्याला मी एका म्हाताऱ्या विणकराकडे घेऊन गेले होते. जेवणाच्या टेबलावर घालायला लांब पट्टी हवी होती. साहेबांनी पट्टी उचलली, उलटी केली, धागे बघितले आणि बायकोला म्हणाले, "हे बघ, मशीनचं आहे." विणकर चाचा समोरच बसलेले, माग दोन हातांवर. ते काही बोलले नाहीत, पट्टीची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. मी समजावून सांगितलं, पण रीलपुढे माझं काय चालणार? त्या दोघांनी दुसऱ्या दुकानातून 'हिमरू' घेतलं. मागून एकदम स्वच्छ, कारण मागे अस्तर चिकटवलेलं. दोन-तीन महिन्यांनी बाईंचा फोन आला. वरणाचं गरम पातेलं ठेवलं आणि कापड पातेल्याच्या बुडाला चिकटून वर आलं. पॉलिस्टर होतं ते.

माझी सवय सांगते. दुकानदाराकडून कडेचा एखादा धागा मागून घ्यायचा आणि काडीने पेटवायचा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. वितळून काळा कडक मणी झाला तर पिशवी उचला आणि निघा. जो धागा द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

आणखी एक. खरा हिमरू मिळाला म्हणून सोफ्यावर पसरू नका. मागचे धागे अंगठीत, पोरांच्या खेळण्यांत अडकतात. सुती अस्तर हाताने टाचून भिंतीवर लावा किंवा पडद्याला किनार म्हणून वापरा. पश्चिमेच्या खिडकीसमोर मात्र नको, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन रेशमाचा रंग पार खाऊन टाकतं.

नव्या कापडाची गोधडी, आणि तीही दिवाळीत

गोधडीला आता फॅशन आलीय. चांगलंच आहे. आमच्याकडे वाकळ म्हणायचे आणि पाहुणे आले की आत दडवायचे, आता तीच हॉलमध्ये मिरवतेय. पण ऑर्डर देणाऱ्याला एवढंही माहीत नसतं की शिवणारी बाई वर्षातून कधी घरी असते. बीड, पाटोदा, धारूर, वडवणी या पट्ट्यातल्या कितीतरी बायका दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मृगाचा पाऊस पडला की पेरणी. मधला उन्हाळा हाच गोधडीचा काळ. तुम्ही कार्तिकात फोन करून "फक्त एकच तर पाहिजे" म्हणता, तेव्हा ती बाई साखर कारखान्याच्या हद्दीत कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत असते. चैत्रात सांगा, इसार द्या आणि वाट बघा. वाट बघायची नसेल तर दुकानातली रजई घ्या, ती वाईट नसते.

दुसरा घोळ कापडाचा. बँकेत मोठ्या हुद्द्यावरच्या एका बाईंनी गेल्या उन्हाळ्यात बाजारातून करडं आणि मलई रंगाचं कोरं पॉपलिन आणलं, आत घालायला पॉलिस्टरचा थर आणला, कडेला लाल पट्टी, आणि मोबाइलवरचा फोटो मावशींपुढे धरला. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, सुई जाईना ह्यातून. जुनं लुगडं द्या." बाईंना जुनं चालणार नव्हतं, घर नवीन होतं ना! मग दाभणासारखी जाड सुई, लांब लांब टाके, बोटांना फोड. पहिल्याच धुण्यात पॉपलिन आटलं, आतला थर आटला नाही, त्यामुळे सगळीकडे फुगे आले. लाल पट्टीचा रंग मलई रंगावर उतरला तो वेगळाच. फोटो मला आले, खाली एक ओळ: "तुमच्या मावशींनी वाट लावली."

गोधडी मऊ असते कारण तिच्यातलं धोतर-लुगडं वर्षानुवर्षं धुतलेलं असतं. कापड आटून झालेलं, रंग जाऊन झालेला, मग धावदोरा सरळ पळतो. घरात जुनं नसेल तर नात्यात मागा, कुणाच्या तरी ट्रंकेत आजीची सुती नऊवारी असतेच. अगदीच नवं वापरायचं असेल तर प्रत्येक कापड वेगळ्या बादलीत रात्रभर भिजवा, धुवा, वाळवा. पाण्यात रंग येतच राहिला तर ते कापड बाजूला काढा. आणि मावशी काही सांगत असतील तर ऐका हो, तुम्ही आजवर जितके पगार घेतले नसतील तितक्या गोधड्या त्यांच्या हाताखालून गेल्यात.

बाकीच्या चुका, थोडक्यात

'हँडमेड' लिहिलंय म्हणून इन्स्टाग्रामवर पैसे पाठवणे. बरीच पानं घाऊक बाजारातून माल आणून विकतात. मी एकच गोष्ट मागते: अर्धवट झालेल्या कामाचा फोटो. खरा कारागीर तो लगेच पाठवतो, कारण त्याच्याकडे अर्धवट काम कायम पडलेलंच असतं.

भिंतीवर वारली काढून "आपली कला" म्हणणे. वारली सुंदरच आहे, पण ती पालघर-डहाणूकडची. तुम्ही राहता लातूरला. अजिंठ्याच्या छतावरची कमळं आणि हंस, पैठणीची आसावली म्हणजे फुलवेल, मकबऱ्याच्या जाळ्या, एवढं घरात असताना दर कॅफेत त्याच काडीच्या बाहुल्या कशाला? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय एकदा बघून या. तिथल्या भाजक्या मातीच्या मूर्ती बघितल्यावर कुंभाराला काय सांगायचं ते तुम्हाला कळेल.

घोंगडी वॉशिंग मशीनमध्ये टाकणे. नवीन घोंगडी कडक लागते ती चिंचोक्याच्या खळीमुळे, वापराने सैल पडते. मशीनमध्ये ती आटून नमद्यासारखी होते, मग काही उपाय नाही. झटका, ऊन दाखवा, ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाच्या दिव्यात जुना पिवळा बल्ब लावणे. कागद करपतो. एलईडी लावा. आणि कागदाची वेडीवाकडी कड कात्रीने सरळ करू नका, तीच तर त्याची ओळख.

कुंभारवाड्यातल्या कुंडीवर पांढरे डाग पडले म्हणून परत करायला जाणे. तो तुमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार आहे. कुंभार काय करणार त्याला?

बिदरी भांडं पितांबरीने घासणे. उदगीर-देगलूरकडच्या घरांत जुनी बिदरी अजून सापडते, बीदर तिथून जवळच. जस्त आणि थोडं तांबं यांच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकतात. काळा रंग नंतर बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून आणतात, आणि तो वरवरचाच असतो. घासलं की गेला. खोबरेल तेलाचं बोट लावून मऊ फडक्याने पुसायचं, बस.

पोळ्याचा बाजार न बघणे. यावर मी फार बोलत नाही, कारण गर्दी वाढेल. पिठोरी अमावास्येच्या आधीच्या आठवडी बाजारात झुली, गोंडे, घुंगरमाळा, रंगवलेले कासरे सगळं एका जागी मिळतं. दारावर गोंड्यांचं तोरण, खिडकीत घुंगरमाळ, पलंगाच्या पायथ्याशी झूल. सकाळी लवकर जा आणि आधी सुती गोंडे विचारा. दुपारपर्यंत ते शेतकरीच उचलतात, मागे चकचकीत नायलॉन उरतं. भाव मात्र त्या दिवशी फार करू नका, तिथे तुमच्या मागे बैलवाले उभे असतात आणि त्यांना घाई असते.