सिंगापुरात विरोधी बाकापर्यंत पोहोचायचे असेल तर

सिंगापुरात १९५९ पासून पीपल्स अ‍ॅक्शन पार्टीचीच सत्ता आहे. त्यामुळे तेथे विरोधी राजकारणात उतरणाऱ्याने आपण किती वेळा हरू शकतो, याचा हिशेब आधी मांडावा. जे. बी. जेयारत्नम १९७२ पासून हरत आले आणि १९८१ मध्ये अ‍ॅन्सनची पोटनिवडणूक जिंकले, तेव्हा स्वातंत्र्यानंतर प्रथमच विरोधी पक्षाचा उमेदवार निवडून आला.

अनामत रक्कम साठवूनच अर्ज भरावा. २०२५ मध्ये ती माणशी १३,५०० सिंगापूर डॉलर होती आणि एक अष्टमांशापेक्षा कमी मते पडल्यास ती जप्त होते (आपल्याकडे ही मर्यादा एक षष्ठांश आहे, म्हणजे तेवढ्यापुरती तेथे सवलतच म्हणायची). बहुतेक जागा गट-मतदारसंघांत असल्याने एकट्याचे काम भागत नाही. चार किंवा पाच जणांचा चमू लागतो आणि त्यात अल्पसंख्याक समाजाचा किमान एक उमेदवार असावाच लागतो. नवख्याने म्हणून एकसदस्यीय मतदारसंघ धरावा आणि तो सोडू नये. विरोधी नेते चियाम सी टोंग १९७६ मध्ये आपल्या फोक्सवॅगन बीटलवर कर्णा लावून प्रचार करीत फिरले आणि हरले. पुढे पोटोंग पासिर धरून बसले, १९८४ मध्ये जिंकले आणि ती जागा त्यांनी २०११ पर्यंत राखली. प्रचाराला जेमतेम नऊ दिवस मिळतात, तेव्हा ओळख त्याआधीच्या वर्षांतच करून घ्यावी लागते.

खरी परीक्षा जिंकल्यावर सुरू होते. निवडून आलेल्या खासदाराकडे टाउन कौन्सिल येते, म्हणजे वस्तीतील झाडलोट, लिफ्टची देखभाल आणि रहिवाशांकडून दरमहा घ्यायचे शुल्क. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला तेथे व्हॉइड डेक म्हणतात, आठवड्यातून एकदा टेबल मांडून बसावे, गाऱ्हाणी ऐकावीत आणि संबंधित खात्याला पत्र लिहून द्यावे. माझ्या मते संसदेतील भाषणापेक्षा हे टेबल अधिक मते राखते. मात्र हिशेबाची वही चोख हवी, कारण २०११ मध्ये विरोधी वर्कर्स पार्टीने अल्जुनिड हा गट-मतदारसंघ जिंकल्यानंतर तेथील कौन्सिलच्या हिशेबांवरून लेखापरीक्षण आणि पुढे दिवाणी दावा असा वर्षानुवर्षांचा ससेमिरा तिच्या नेत्यांमागे लागला.

कायद्याचा उंबरठाही पाठ असावा. ठरावीक रकमेचा दंड झाला की तेथे खासदारकी जाते; जेयारत्नम यांची जागा १९८६ मध्ये अशाच दंडाच्या शिक्षेमुळे गेली. पुढे ही मर्यादा एका गुन्ह्यासाठी १०,००० डॉलरवर नेण्यात आली. म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदीय समितीपुढे खोटे बोलल्याबद्दल वर्कर्स पार्टीचे नेते प्रीतम सिंग यांना दोन आरोपांवर प्रत्येकी ७,००० डॉलर दंड झाला, तरी त्यांची खासदारकी टिकली आणि मे महिन्यात ते पुन्हा निवडून आले.

वारसदार मात्र वेळेत उभा करावा. वर्कर्स पार्टीच्या लो थिया कियांग यांनी १९९१ मध्ये जिंकलेले हौगांग नंतर उमेदवार बदलत गेले तरी पक्षाकडेच राहिले. चियाम २०११ मध्ये दुसरीकडे लढायला गेले आणि पोटोंग पासिरमध्ये त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. २७ वर्षांची ती जागा ११४ मतांनी गेली.