बंद कपाटांच्या वाचनालयातून पुस्तक कसं शोधावं

सभासद होणं हे पंधरा मिनिटांचं काम. फोटो, ओळखपत्र, अनामत, वर्गणी. पाटीवर 'ब वर्ग', 'ड वर्ग' असं काही लिहिलेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी पाडलेले ते वर्ग आहेत, आतल्या पुस्तकांना दिलेले गुण नव्हेत.

जायचं ते सकाळी, दार उघडल्या उघडल्या.

आता खरी अडचण. जुन्या वाचनालयांत अजूनही पुष्कळ ठिकाणी कपाटं आत आणि आपण काउंटरच्या बाहेर. अशा वेळी 'काहीतरी चांगलं द्या' असं चुकूनही म्हणू नका. मी दीड वर्ष तेच म्हणत होते आणि दीड वर्ष त्याच सहा लेखकांच्या कादंबऱ्या घरी नेत होते. देणाऱ्याचा दोष नाही. मागे दहा माणसं उभी असताना तो नुकत्याच परत आलेल्या गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक देणार. मोबाइलवरची 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' ही यादी तर नेऊच नका. त्यातलं प्रत्येक पुस्तक बाहेर गेलेलं असतं, कारण ती यादी सगळ्यांकडे आहे.

त्याऐवजी दाखल क्रमांक वापरा. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला, ते आलं त्या क्रमाने, एक आकडा मिळतो. तो आतल्या पानावर शिक्क्यात असतो. विषयाशी, लेखकाशी त्याचा संबंध नाही, म्हणून वाचक त्याकडे बघतच नाहीत. पण एका खेपेला आलेली पुस्तकं ओळीने नोंदली जातात, तेव्हा शेजारचे आकडे म्हणजे एकाच वेळी दारातून आत आलेली पुस्तकं.

तुम्हाला मनापासून आवडलेलं, पण फारसं कोणी न वाचलेलं एक पुस्तक घ्या. त्याचा क्रमांक बघा आणि दाखल नोंदवहीत वरच्या-खालच्या वीस नोंदी वाचा. नोंदवही 'कार्यालयाची आहे' असं ऐकावं लागेल. वाद घालू नका. इथेच टेबलावर बसून बघते, घरी नेणार नाही, एवढंच म्हणा. मला तिसऱ्या खेपेला मिळाली. संगणकावर यादी असेल तर ती क्रमांकानुसार लावून मागा.

पुस्तक खरेदीचं की भेटीचं, हे नोंदीत लिहिलेलं असतं. खरेदी असेल तर शेजारी त्या वर्षीच्या समितीची आवड दिसते. तीही कधीकधी बरी असते. पण सलग 'भेट' दिसलं तर थांबा. कोणीतरी गेलं आणि घरच्यांनी त्या माणसाचं कपाट वाचनालयाला दिलं, असा तो बहुधा प्रकार असतो. मला एकदा अशा चाळीसेक नोंदी सापडल्या: बोटीचे प्रवास, मधमाशापालन, बुद्धिबळ, दोन आत्मचरित्रं. एकाच डोक्यातून निवडलेली पुस्तकं. त्यांतली एकोणीस मी एका पावसाळ्यात वाचली. दोन समासांत पेन्सिलीने 'खोटं!' लिहिलेलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी ते बरोबर होतं.

चिठ्ठीवर पाच क्रमांक लिहा. एक बाहेर असेल, एक बांधणीला, एक 'जागेवर नाही'. जागेवर नाही म्हणजे हरवलं असं नव्हे. आठ दिवसांनी पुन्हा विचारा. पण पाचाचे पंधरा करू नका. मी केले. काका तीनदा शिडी चढले आणि पुढचे दोन महिने माझं प्रत्येक पुस्तक 'बाहेर' होतं.

कपाटं खुली असतील आणि मांडणी विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीची असेल, तर क्रमांकाची युक्ती नोंदवहीतच चालेल, फळीवर नाही. तिथे ८९१.४६३ पाशी, म्हणजे मराठी कथा-कादंबऱ्यांपाशी, गर्दी असते. तुम्ही ९१० ला प्रवासवर्णनांकडे वळा. छोट्या वाचनालयात 'संकीर्ण' लिहिलेलं कपाट आधी उघडायला लावा. कुठेच न बसलेलं सगळं तिथे कोंबलेलं असतं.

तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९१ चा असला तरी घाबरू नका. फक्त कसर लागली आहे का ते बघा. फाटलेल्या पानाला घरी सेलोटेप लावू नका, काउंटरवर सांगा.

दिवाळी अंक फेब्रुवारीत मागा. डिसेंबरात झुंबड असते.

परत करायला जाताना पुढची चिठ्ठी घरूनच लिहून न्या. काउंटरवर विचार करत उभं राहिलात, तर मागची रांग तुम्हाला पुन्हा त्याच सहा लेखकांकडे ढकलते.