गावरान अंडी विकताय? दर लावताना अन् विकताना या चुका टाळा

घरी पंधरा-वीस कोंबड्या असल्या की वाटतं अंडी विकायला काय लागतं, टोपलीत घातली अन् दिली. मी पण तसंच सुरू केलं, परभणीपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावातून, अन् वर्ष झाल्यावर नवऱ्यानं विचारलं की उरले किती, तर मला सांगताच येईना. पैसे हातात येत होते पण ते नफ्याचे होते का आमच्याच ज्वारीचे परत आले होते, ते कुठं लिहिलेलंच नव्हतं. ज्या बाया नव्यानं सुरू करतायत त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितेय.

दुकानातल्या अंड्याकडं बघून दर लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. एनईसीसी (अंडी उत्पादकांची देशपातळीवरची समिती) रोज जो शेकड्याचा दर काढते तो पोल्ट्रीतल्या अंड्याचा. ती लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, अन् आपली गावठी कोंबडी देते ६० ते ८०, त्यात मधेच खुडूक बसते. मग तिच्या दराशी आपला दर कसा काय जुळणार. "दुकानापेक्षा दोन रुपये जास्त" असं कधीच धरू नका, स्वतःची वही काढा.

समजा ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीच्या २० कोंबड्या आहेत, दिवसभर बाहेर चरतात अन् वरून तुम्ही प्रत्येकीला ६० ग्रॅम खाद्य देता. रोजचं १ किलो २०० ग्रॅम, महिन्याचं ३६ किलो. ३० रुपये किलोनं धरलं (तुमच्याकडं जो भाव असेल तो घाला) तर १०८० रुपये. रोज ९ अंडी मिळाली तर महिन्याची २७०, म्हणजे एका अंड्याला नुसतं खाद्यच ४ रुपयांचं. आता मे महिन्यात या, ऊन ४२-४३ च्या पुढं, कोंबड्या धापा टाकतायत, अंडी निम्म्यावर आली अन् खाद्य तेवढंच चालू, की तेच अंडं ८ रुपयांना पडलं. अन् निव्वळ गावठी कोंबड्या असतील तर वर्षभराची सरासरीच ८ ते ११ रुपयांवर जाते. त्यावर लस, ऑटोचं भाडं, फुटलेली अंडी, बोक्यानं अन् मुंगसानं नेलेल्या कोंबड्या, अन् तुमची मजुरी. हो, मजुरी धराच! दर लावायचा तो वर्षभराच्या हिशोबावर, दिवाळीनंतरच्या चांगल्या महिन्यावर नाही.

अन् घरची ज्वारी फुकट धरू नका. आमच्या आत्याबाई म्हणायच्या घरचंच तर आहे, पण तीच ज्वारी मोंढ्यावर नेली असती तर पैसे आलेच असते ना.

सगळीच तपकिरी अंडी "गावरान" म्हणून देणं

टरफलाचा रंग जातीवर असतो, त्यावरून अंडं गावरान ठरत नाही. तपकिरी अंडं पोल्ट्रीतलंही असतं, काहीजण तर पांढरं अंडं चहाच्या पाण्यात बुडवून विकतात. आपलं गावठी अंडं बारीक असतं, ४० ग्रॅमच्या आसपास, सुधारित जातीचं त्याहून मोठं. दोन्ही एका टोपलीत घातली की गिऱ्हाईकाला शंका येणारच. वेगळी ठेवा, वेगळा दर सांगा, जे आहे तेच नाव सांगा. कमी पडली म्हणून बाजारातून आणून मिसळायचं तर अजिबात नाही, त्या दिवशी "आज नाहीत" सांगा, खरं गिऱ्हाईक थांबतं.

"ताई, अंडं खराब निघालं"

हा फोन मला एप्रिलमध्ये सारखा यायचा. रोजची ताजी अंडी द्यायचे तरी फोडल्यावर आत लाल शीर दिसायची. कामून? तर कोंबडा. कोंबडा कळपात असला की अंडी फळतात, अन् आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची खोलीच इतकी तापते की कोंबडी न बसवता आत जीव धरायला लागतो. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी. म्हणून विक्रीची अंडी असतील तर मार्च लागला की कोंबडा वेगळा काढा, अन् काढल्यावरही दोन-तीन आठवडे फळलेली अंडी येत राहतात ते लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात दिवसातून दोनदा तरी अंडी गोळा करा, माठाजवळच्या गारव्याला ठेवा पण ओली होऊ देऊ नका, रुंद टोक वर. द्यायच्या आधी अंधारात मोबाईलची बॅटरी लावून बघा, शिरांचं जाळं किंवा काळा ठिपका दिसला की बाजूला. टरफल पातळ येत असेल तर त्यालाही ऊन कारण असतं, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, त्या लागेल तसा खातात.

धुऊन चकचकीत करून देऊ नका. टरफलावर एक पातळ थर असतो तो धुतल्यावर जातो अन् घाण आत शिरायला वाट होते. कोरड्या फडक्यानं पुसा, लई घाण असलेलं घरीच वापरा. खुराड्यात भुसा कोरडा ठेवला तर ही वेळच कमी येते.

उधारी

एका ढाब्यावाल्याला मी महिनाभर ट्रे देत राहिले, पैसे आजतागायत आले नाहीत. आता नियम एकच, मागचे दिले तरच पुढचे. शहरातल्या ठरलेल्या घरांना आठवड्याचा वार ठरवून द्या, त्यांना ताजी मिळतात अन् तुम्हाला आठवडी बाजारात एकेका अंड्यासाठी घासाघीस करावी लागत नाही. ट्रेवर तारीख लिहा. दर वाढवायचा असेल तर पंधरा दिवस आधी सांगा.

एकदम मागणी बंद झाली तर

२०२१ च्या जानेवारीत आपल्या जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला तेव्हा लोकांनी अंड्याला हात लावला नाही. अशा वेळी घाबरून दर पाडू नका, नीट शिजवलेल्या अंड्यात तो विषाणू टिकत नाही हे सांगा, अन् आपल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर विक्री बंद करून लगेच जनावरांच्या दवाखान्यात कळवा, लपवू नका.

श्रावण अन् नवरात्राचं मात्र आधीच ठाऊक असतं तरी दरवर्षी अंडी अंगावर पडतात. आषाढ संपायच्या आतच जी घरं पाळत नाहीत त्यांची यादी करा, मुस्लिम मोहल्ल्यातल्या किराणावाल्यांशी, अंडाभुर्जीच्या गाड्यावाल्यांशी बोलून ठेवा. गाड्यावाला गावरानचा पूर्ण दर देत नाही, म्हणून त्याला सुधारित जातीची मोठी अंडी द्या अन् गावठी अंडी ठरलेल्या घरांसाठीच राखून ठेवा.