मनात दडवलेला राग: तो ओळखायचा कसा, सोडवायचा कसा

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी मी करंज्या करत होते. सारण भरलं, कडा दाबली की पारी फाटायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पीठ चांगलं मळलेलं होतं, हातच जड पडत होता. शेजारच्या खोलीत सासूबाई आल्यागेल्याला धाकट्या जाऊबाईंनी मुंबईहून आणलेली शाल दाखवत होत्या. सासूबाईंची आंघोळ, इन्सुलिन, रात्रीबेरात्री उठणं हे नऊ वर्षं माझ्याकडे होतं. ह्यांनी येऊन विचारलं, "काय गं, काही झालं का?" मी म्हटलं, "कुठं काय?" आणि संध्याकाळी कॅरल मंडळींबरोबर घरोघरी जाऊन शांतीची गाणी गायले.

आपल्या ख्रिस्ती घरांत हा राग फार सांभाळला जातो. आरडाओरडा करणाऱ्याला मंडळीत सगळे ओळखतात, गप्प बसणाऱ्याला मात्र 'सोशिक' म्हणून मान मिळतो. रेव्हरंड ना. वा. टिळक किती शीघ्रकोपी होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत मुळीच लपवलं नाही. तो राग भडकायचा आणि विझायचाही. माझ्यासारख्यांचा राग भडकत नाही, म्हणून तो आहे हेच कळायला वर्षं लागतात. त्यातून बाहेर यायला मला जे उपयोगी पडलं ते क्रमाने सांगते.

आधी ओळखा

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात देव काइनाला पहिल्यांदा दरडावत नाही, विचारतो: तू का रागावलास, तुझं तोंड का उतरलं? हाताने काही केलेलं नसतं, पण चेहऱ्यावर सगळं आलेलं असतं. तुमच्या घरात ते कुठे दिसतं ते बघा. भांडी जरा जोरात ठेवली जातात. एकाच माणसाचा फोन 'नंतर करू' म्हणून राहतो. कौटुंबिक प्रार्थनेत सगळ्यांची नावं येतात, एक नाव सुटतं. आणि एक खूण आपल्या विश्वासणाऱ्यांची खास आहे: महिला मंडळात 'तिच्यासाठी प्रार्थना करा' म्हणत तिचं गाऱ्हाणं सगळ्यांना सांगणं. मी हे केलेलं आहे. ती प्रार्थनेची विनंती नव्हती.

मग तुमचं करडू शोधा

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. सगळं लक्ष धाकट्याकडे असतं. मला मात्र आता थोरलाच जास्त ओळखीचा वाटतो. तो शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप समजूत घालायला येतो तेव्हा त्याच्या तोंडून काय निघतं? इतकी वर्षं मी राबतोय, आणि मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला साधं करडूही दिलं नाही.

इतक्या मोठ्या रागाच्या तळाशी एक करडू! ते त्याने कधी मागितलं होतं, असं दाखल्यात कुठेही नाही. बाप म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे.

दडलेल्या रागाची गंमत नाही, पण रीत अशीच असते. तो हिशेब चोख ठेवतो आणि मागणी कधीच करत नाही. म्हणून एक कागद घ्या आणि वाक्य पुरं करा: 'मला कधीच ... मिळालं नाही.' 'आदर', 'प्रेम' असे मोठे शब्द लिहू नका. वस्तू लिहा, वेळ लिहा, नेमकं वाक्य लिहा. माझ्या कागदावर शेवटी उतरलं ते असं: वर्षातून पंधरा दिवस सुट्टी, आणि सासूबाईंच्या तोंडून एकदा 'दमलीस का?'. नऊ वर्षांत यातलं काहीच मी कोणापाशी मागितलं नव्हतं.

तो कागद देवापुढे वाचा

इथे बहुतेक जण घाईने 'प्रभू, मला क्षमा कर, मी रागावले' म्हणून मोकळे होतात. थांबा. आधी तक्रार पूर्ण सांगा. तेरावं स्तोत्र अगदी छोटं आहे, पण त्याच्या सुरुवातीलाच दावीद चार वेळा 'कोठवर?' विचारतो. रागावलेल्या योनाला देव हाकलून देत नाही, तुझं हे रागावणं बरोबर आहे का, असं दोनदा विचारतो. येशूही रागावला होता. मार्कच्या तिसऱ्या अध्यायात, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करताना, लोकांच्या अंतःकरणाचा कठीणपणा पाहून त्याने रागाने सभोवार पाहिलं आणि तो खिन्नही झाला. तेव्हा राग आला म्हणजे विश्वास गेला, असं मनावर घेऊ नका.

मोठ्याने वाचा, दार लावून वाचा. रडू आलं तर येऊ द्या. मग योनाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या बाबतीत अर्धं उत्तर 'हो' होतं आणि अर्धं 'नाही'. कामाचा भार खरोखरच अन्यायाने माझ्यावर पडला होता. शालीवरचा राग मात्र निव्वळ हेवा होता. पहिल्यासाठी बोलायला हवं होतं, दुसऱ्यासाठी पश्चात्ताप. कॅथलिक वाचकांनी हा दुसरा भाग प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी फादरांना नावानिशी सांगावा. 'मला राग येतो' एवढंच म्हणून उठू नये.

सूर्य मावळण्याआधी काय करायचं

'रागावा, पण पाप करू नका; तुमच्या रागावर सूर्य मावळू नये' हे इफिसकरांस पत्रातलं (४:२६) वचन लग्नात हमखास ऐकवतात. पण रात्री अकरा वाजता, दोघंही दमलेले असताना, 'आजच मिटवू' म्हणून बसलं की भांडण वाढतं. पौल तिथे चौथ्या स्तोत्राचे शब्द घेतो, आणि त्या स्तोत्रात पुढे आहे ते बिछान्यावर पडून आपल्या मनाशी बोलणं आणि स्तब्ध राहणं. त्यामुळे मी त्याच दिवशी एवढंच करते: राग आला आहे हे देवाजवळ कबूल करते, आणि समोरच्याला सांगते, "मला वाईट वाटलंय, उद्या बोलूया." 'काही नाही' हे उत्तर मात्र बंद.

एकट्याने जाऊन बोला

मत्तय ५:२३-२४ मधली, अर्पण वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जाण्याची आज्ञा, आपल्याविरुद्ध कोणाचं काही असेल त्या वेळची आहे. आपलंच कोणाविरुद्ध काही असेल तर मत्तय १८:१५ उघडा: जा, आणि तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही, पाळकसाहेबांमार्फत नाही, नवऱ्याच्या तोंडून तर नाहीच.

मी जाऊबाईंना फोन केला. तीन वाक्यं लिहून घेतली होती: "आईंचं सगळं करताना मी थकते. तुम्ही आल्यावर त्या खुलतात, ते पाहून मला वाईट वाटतं, हे मी तुमच्यापासून लपवलं. मेमध्ये पंधरा दिवस त्यांना तुमच्याकडे न्याल का?" 'तुम्ही नेहमी', 'तुम्ही कधीच' हे शब्द मुद्दाम खोडून टाकले होते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "ताई, मला वाटायचं तुम्हाला माझी मदत नकोच आहे."

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरात मारहाण, धमकी किंवा छळ असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही. 'एकट्याने जा' हे वचन मार खायला पाठवत नाही. आधी सुरक्षित जागा गाठा. महिला हेल्पलाइन १८१ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक जवळ ठेवा. झोप, भूक उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. प्रार्थना आणि समुपदेशन यांत निवड करायची नसते.

राग परत आला तर

येणारच. क्षमा केली म्हणजे काही झालंच नव्हतं असं नाही. झालेल्या गोष्टीची वसुली सोडून देणं ती क्षमा. आणि ती पुन्हा पुन्हा सोडावी लागते. पेत्राला सात वेळा पुरेसं वाटलं होतं, प्रभूने त्याला तिथे थांबू दिलं नाही.

मेमध्ये सासूबाई मुंबईला गेल्या. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला की सकाळचं इन्सुलिन द्यायला दोन तास उशीर झाला. छातीत तीच जुनी कळ आली: बघा, माझ्याशिवाय कोणाला जमतच नाही. मी म्हटलं, "मला आता राग आलाय, दहा मिनिटांनी फोन करते." वही काढली, तारीख घातली आणि लिहायला बसले.