काउंटर नसलेल्या दुकानात हात आवरून खरेदी कशी करावी

अॅमेझॉनने २०१८ च्या जानेवारीत सिअॅटलमध्ये 'अॅमेझॉन गो' सर्वांसाठी खुलं केलं. अशा दुकानात रांग नसते, बिलाचं काउंटर नसतं. छतावरचे कॅमेरे आणि फळीखालचे वजनाचे सेन्सर मिळून कोणी काय उचललं ते ठरवतात, आणि आत शिरताना दाखवलेल्या कार्डावरून पैसे मागाहून कापले जातात. खरी गोम इथेच आहे. रांगेत उभं असताना टोपलीकडे पुन्हा नजर जाते, नको ते बाजूला काढता येतं, आकडा डोळ्यांसमोर येतो. ही सगळी थांबण्याची जागाच इथे नाहीशी होते, म्हणून ती आपणच तयार करायची.

आत शिरण्याआधी यादी आणि रकमेची मर्यादा फोनवर लिहा. वस्तू उचलली की फळीवरची किंमत लगेच कॅल्क्युलेटरमध्ये मिळवा. दाराच्या चार पावलं आधी थांबून पिशवी उघडून बघा. नको असलेलं परत ठेवा, पण मूळ जागीच. दह्याचा डबा सरबतांच्या फळीवर ठेवला तर हिशेब चुकू शकतो. उंचावरची वस्तू अनोळखी माणसाला काढून देऊ नका, ती तुमच्या खात्यावर पडते. मुलं तुमच्याच कार्डावर आत आली असतील तर त्यांनी उचललेलंही तुमच्याच बिलात येतं.

पावती कधी काही मिनिटांत येते, कधी बऱ्याच उशिरा. आली की ओळ न् ओळ ताडून पाहा आणि चुकीच्या वस्तूचे पैसे लगेच परत मागा. चालू बेरीज दाखवणारी स्मार्ट ट्रॉली उपलब्ध असेल तर तीच घ्या.